घाट बंद पडला म्हणजे

रंकाळ्याला वळसा घालून एस.टी. फुलेवाडी-बालिंग्याकडे निघाली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. कळे मागे पडले की भाताची खाचरे दिसू लागतात आणि साळवणच्या पुढे डोंगर अगदी अंगावर येतात. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा. जिल्ह्यात पावसाचा पहिला मान याच गावाचा. वर गगनगड आणि गगनगिरी महाराजांचा मठ, खाली पंत अमात्यांचा वाडा. गडावरून पश्चिमेला पाहावे तर कोकण पायांशी पसरलेले. तिकडे उतरायला दोन वाटा, एक करूळ घाट आणि दुसरा भुईबावडा. २०२४ साली रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा गाड्या दुसऱ्या घाटांनी वळवाव्या लागल्या. किती हाल झाले ते इथल्या माणसाला विचारा.

वाचकहो, हे घाटपुराण उगाच लावलेले नाही. आपल्या पोटातही असाच एक घाट आहे. यकृतात तयार झालेले पित्त एका बारीक नळीतून आतड्यात उतरते. त्या नळीत खडा अडकला, किंवा पित्ताशयाची वा स्वादुपिंडाची गाठ तिच्यावर दाबली, की पित्त माघारी फिरून रक्तात चढते. ही अडथळ्याची कावीळ. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, आणि शौच मात्र चुन्यासारखे पांढरट. कारण रंग देणारे पित्त खाली पोचतच नाही. थंडी वाजून ताप आला तर एक रात्रही थांबू नये. पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे तर सर्वांत वाईट, कारण गाठीची कावीळ पुष्कळदा न दुखताच येते.

आपल्याकडे कावीळ म्हटले की आधी माळ, मग नाकात थेंब, मग चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे झालेले पाणी दाखवणे. मी कुणाची चेष्टा करीत नाही. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. पण अडकलेला खडा माळेने हलत नाही. म्हणून आठवडाभर वाट न पाहता कोल्हापूर गाठावे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सी.पी.आर., सरकारीच आहे. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी केली की नळी फुगली आहे का, हे बहुधा कळते.

गाठ निघाली तर पुढची वाट मुंबईची, परळच्या टाटा रुग्णालयाची. अशा मोठ्या ठिकाणी डॉक्टर कधीकधी विचारतात, ‘चाचणीत भाग घेता का?’ घरची माणसे दचकतात. आमच्यावर प्रयोग करणार काय? हा प्रश्न रास्त आहे, तो विचारलाच पाहिजे. पण हेही ऐका. अशा गाठीची शस्त्रक्रिया करण्याआधी नळी घालून पित्त मोकळे करावे, अशी डॉक्टरांची पूर्वापार चाल होती. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या गाठीने कावीळ झालेल्या २०२ रोग्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. २०१० साली निकाल छापून आला. आधी नळी घातलेल्यांत शंभरी ७४ जणांना गंभीर त्रास झाला, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ जणांना. फार चढलेली कावीळ त्या चाचणीत घेतली नव्हती, म्हणून नळी कुणालाच नको असा अर्थ काढू नका. पण शहाण्या डॉक्टरांची समजूतही चिठ्ठ्या टाकल्याशिवाय तपासता आली नाही, एवढे खरे.

आपल्या देशातल्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे. २००७ साली ती सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. तिचे नाव सी.टी.आर.आय. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर ती फुकट उघडू शकेल. नुसते ‘जॉन्डिस’ शोधून भागत नाही. ज्या कारणाने नळी बंद झाली ते कारण इंग्रजीत शोधायचे. म्हणून डॉक्टरांकडून निदान कागदावर लिहून घ्या. कोणत्या रुग्णालयात चाचणी आहे, कसले रोगी घेतात, भरती चालू आहे की संपली, कुणाशी बोलायचे, हे सारे तिथे असते. कुणी चाचणीचे नाव काढले की आधी नोंदीचा क्रमांक मागा.

संमतीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालाच पाहिजे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो. नको वाटले तर मधेच बाहेर पडता येते आणि त्यापायी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही, असे २०१९ चे नियम सांगतात. संशोधनापायी वाढलेला खर्च रोग्यावर टाकू नये, असे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे. तेव्हा भरतीसाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अंगात ताप असेल तर मात्र चाचणीच्या शोधात दिवस घालवू नका, आधी तुंबलेले पित्त मोकळे करून घ्या.

आणखी एक विचारायचे राहू देऊ नका: तपासणीला किती वेळा यावे लागेल, आणि गाडीभाडे कोण देणार? लावणीच्या दिवसांत, धुक्यात, गगनबावड्याहून मुंबईला वरचेवर जाणे म्हणजे काय, हे परळच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कसे कळणार?