मुकुट गेला, मैदान राहिलं

गेल्या हिवाळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सौंदर्यस्पर्धेची परीक्षक म्हणून बसायची वेळ माझ्यावर आली. मी खेळाची शिक्षिका. पण ठरलेल्या पाहुण्यांनी ऐनवेळी टांग दिली आणि प्राचार्यांनी मला खुर्चीत बसवलं. नऊवारीची फेरी झाली, रॅम्प वॉक झाला, मग प्रश्नोत्तरं. ‘पंतप्रधान झालीस तर पहिलं काम कोणतं करशील?’ एकीमागून एक मुली गरिबी हटवत गेल्या. वाक्यं तीच, हातवारे तेच. कुणीतरी घोटून घेतलेले.

मला मधू सप्रे आठवली. 1971 साली नागपुरात जन्मलेली, मूळची खेळाडू. 1992मध्ये ती मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या अंतिम तिघींत पोचली. तिलाही जवळपास हाच प्रश्न आला. देशाची सूत्रं हाती आली तर? ती म्हणाली, मोठं क्रीडासंकुल उभारीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅकलीनला मिळाला, कोलंबियाची स्पर्धक दुसरी आली आणि मधू तिसरी. या उत्तरानेच घात केला, असं आजवर बोललं जातं.

आमच्या घरीही तेव्हा हेच झालं. लोकांना खायला नाही आणि ही स्टेडियम मागते, म्हणून सगळे हसले. मी नाही हसले, कारण मी तेव्हा चारशे मीटर धावायचे आणि आमचं मैदान लग्नसराईत भाड्याने जायचं. सर फक्कीने लेन आखायचे, त्यावर मांडव पडायचा. मांडव उठला की आम्ही मुली खिळे आणि पत्रावळ्या वेचायचो. खांबांचे खड्डे मुरमाने बुजवले, तरी वळणावरचा एक खड्डा दरवेळी खचायचाच. तिथे पाय पडू नये म्हणून मी आधीपासूनच ढांग लांबवायला शिकले होते. कपडे बदलायला खोली नव्हती. दोघी ओढणी धरून उभ्या राहायच्या, तिसरी आडोशाला. त्यामुळे मधू काय मागत होती, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी मुरलेली गरिबी कुणी पंतप्रधान झाल्याबरोबर रातोरात जात नसते, अशी बाजू तिने पुढे मुलाखतींत मांडली. मला ती तेव्हाही पटलेली होती.

मुकुट हुकला म्हणून तिचं काही अडलं नाही. नव्वदच्या दशकात ती देशातल्या आघाडीच्या मॉडेलपैकी एक होती. 1995च्या टफ बुटांच्या जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण पायातल्या बुटांखेरीज निर्वस्त्र होते, अंगाभोवती अजगर. खटला झाला, तो चौदा वर्षं रेंगाळला आणि 2009मध्ये निर्दोष सुटका झाली. 2003मध्ये ‘बूम’ हा चित्रपट आला आणि आपटला. पुढे तिने इटलीत संसार थाटला.

दरम्यान 1994 साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. तेव्हापासून चालण्याइतकीच बोलण्याचीही तालीम जोरात सुरू झाली. त्या तालमीचं लोण आता तालुक्याच्या स्नेहसंमेलनापर्यंत येऊन पोचलंय.

त्या दिवशी एकच मुलगी वेगळं बोलली. ‘आमच्या गावाला सकाळची एसटी सुरू करीन. आत्ताची गाडी उशिरा येते, पहिला तास बुडतो.’ सभागृहात हशा पिकला. ती गोरीमोरी झाली, पण वाक्य पूर्ण करूनच थांबली. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. शेजारच्या परीक्षकांनी माझ्या कागदात डोकावून म्हटलं, ‘मॅडम, प्रश्न पंतप्रधानांचा होता, डेपो मॅनेजरचा नाही.’ बेरजेत ती मागे पडली आणि गरिबी हटवणारी पहिली आली.

मधू सप्रेचं उत्तर चुकलं होतं, असं मी आजही मानत नाही. जे तिने जवळून पाहिलं होतं, तेच तिने मागितलं. तुमच्यावर कधी परीक्षक व्हायची पाळी आली, तर पाठ केलेल्या उत्तराचे गुण कापा. आणि शाळेच्या समितीवर असाल, तर मैदान मांडवाला देण्याआधी त्यावर रोज कोण धावतं, त्या मुलींना एकदा विचारा.