आमच्या ह्यांची सायकल

मैत्रिणींनो, नवऱ्याला स्वयंपाक शिकवणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. निदान तसा प्रयत्न करून दमलेल्या तरी नक्कीच. पण चाळिशी ओलांडलेल्या नवऱ्याला सायकल शिकवणारी बायको पाहिली आहे का? ती मी. तेही पहाटे साडेपाचला, नेरुळच्या आमच्या सेक्टरमधल्या मैदानावर, दूध आणायला आणि फिरायला निघालेली निम्मी सोसायटी बघत असताना!

याचं मूळ कारण साखर. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आला ८.६. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज पाऊण तास अंग हलवायला सांगितलं. हे दोन दिवस फिरायला गेले, तिसऱ्या दिवशी गुडघा दुखला, चौथ्या दिवशी लोकल चुकेल म्हणाले, आणि पाचव्या दिवशी विषय संपला. माझे सासरे चोपन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यामुळे घरात कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यापासून सासूबाईंनी स्वतःच्या चहातली साखर बंद केली. त्यांना काहीही झालेलं नाही. तरी बंद केली.

एका संध्याकाळी आमटी उकळत होती आणि कोथिंबीर नव्हती. लेकीची सायकल खाली उभी होती. (ती बारा वर्षांची, माझ्या खांद्याला लागली आहे.) मी ओढणी कमरेला खोचली, टांग मारली आणि कोपऱ्यावर जाऊन आले. कितीतरी वर्षांनी! मी सांगलवाडीची. कॉलेजची तीन वर्षं कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडून रोज सायकलनं सांगलीत जायचे. लग्न ठरलं तेव्हा ती सायकल सातशे रुपयांना विकली आणि त्या पैशांची मला वाटतं एक पर्स घेतली. पर्स केव्हाच गेली. पाय मात्र काही विसरले नव्हते.

परत आले तर हे बाल्कनीत उभे. म्हटलं, "तुम्हीही चालवा ना. गुडघ्यावर भार येत नाही." हे बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "अगं, मला येतच नाही."

चौदा वर्षं संसार केला आणि मला हे माहीत नव्हतं! लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. सायकल ठेवायची कुठे आणि घ्यायची कशातून? सासऱ्यांना सिडकोची जागा लागली आणि नेरुळला आले तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. एवढ्या घोड्यानं पोराटोरांत कसं शिकायचं, म्हणून राहिलं. ते जे राहिलं ते राहिलंच. मित्रांना सांगायचे, कंटाळा येतो.

दुसऱ्या दिवशी मी एक जुनी सायकल घेतली. लेडीज, मधली दांडी नसलेली, म्हणजे पडताना पाय पटकन टेकतो. ह्यांचं तोंड उतरलं, पण मी म्हटलं, इथे गुरू कोण आहे?

शिकवण्याचा प्रकार काय वर्णावा! मी मागून सीट धरून धावतेय, हे हँडल असं आवळून बसलेत की जणू लोकलचा दांडाच. "समोर बघा, चाकाकडे नको," हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, पाचवी-सहावीला. एवढा गळा तिथेही बसत नाही. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "बायको मागून धावतेय आणि हा पुढे बसलाय, लोकं काय म्हणतील?" लोकांनी म्हटलंही. पहिला आठवडाभर मैदानावर हशा होता. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या एक बाई माझ्या कानाशी आल्या आणि विचारलं, "मला पण शिकवाल का हो?"

अकराव्या दिवशी मी सीट सोडली आणि सांगितलं नाही. हे पन्नास पावलं गेले, मागे वळून पाहिलं, मी लांब उभी दिसले आणि पडले. पण पडल्यावर जे हसले, तसं हसू मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

मग आम्ही चौघं रविवारी सकाळी निघायला लागलो. पुढे लेक, तिच्यामागे आठ वर्षांचा धाकटा, मग हे, आणि सगळ्यांत मागे मी. मागे असलं की सगळी दिसतात, हा पोळ्या लाटताना दाराकडे तोंड करून उभं राहण्यासारखाच प्रकार.

तुम्हाला खरं सांगू? चौदा वर्षं मी या गावात राहते, पण मला माहीत होतं ते स्टेशन, शाळा, बाजार आणि दवाखाना. नवी मुंबई ही आखलेली नगरी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. हे सगळं मी मुलांना निबंधात लिहून दिलं आहे. त्या तिघांत एक बाई होती, हे मात्र माझ्याही लक्षात नव्हतं. नकाशात पाहिलं तर सगळं चौकोनी, सेक्टरांच्या आकड्यांत. सायकलवर बसल्यावर कळतं की सरळ रस्ता मध्येच वळण घेतो, घरं एकाएकी दाटीनं उभी राहतात, गल्ली सायकलीच्या हँडलाएवढी होते, एखादं देऊळ लागतं. ते गाव असतं. शिरवणे, दारावे, करावे, कुकशेत, सारसोळे. रिक्षात बसून ही नावं मी नुसती पाटीवर वाचली होती.

सारसोळ्याच्या जेट्टीवर आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मला आठवतो. पाम बीच रस्ता सिग्नलला उतरून, सायकली हातात धरून ओलांडला. पलीकडे खारफुटी, चिखलाचा वास, ओढून ठेवलेल्या होड्या. आणि तिथे कोण भेटावं? आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी! मला सायकलवर बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. धाकट्याला चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवल्या, टोपलीतल्या चिंबोऱ्या दाखवल्या. मग बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगीखाली आमची भातशेती होती, बाय."

सहज म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही. मी मात्र गप्प झाले. या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. मोबदल्यासाठी लोक उठले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. "साडेबारा टक्के" हे शब्द आपण इथे जागेच्या जाहिरातींत रोज वाचतो. ते कुठून आले हे मला त्या जेट्टीवर उभं राहून, घरी येऊन, शोधून वाचावं लागलं. तेव्हापासून मी मावशींशी भावावरून घासाघीस करते, पण जरा कमी.

फेब्रुवारीत आम्ही करावे गावाच्या अंगाला, चाणक्य नौवहन संस्थेच्या मागच्या पाणथळीवर रोहित पक्षी बघायला गेलो. पुस्तकात वाचलं होतं की खाण्यातल्या शेवाळामुळे त्यांना तो गुलाबी रंग येतो. धाकटा म्हणाला, "मग बाबा कारली खातात, ते हिरवे कसे होत नाहीत?" मार्चमध्ये थेट बेलापूरपर्यंत मजल गेली. तिथे डोंगराच्या पायथ्याशी कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. म्हणजे पैसे जमतील तसं ज्यानं त्यानं आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला विचारावं लागू नये. लोकांनी वाढवलंही, इतकं की कित्येक मूळ घरं पाडून त्या जागी मजले चढले आहेत. हे एका जुन्या कौलारू घरासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "असं अंगण असतं तर मी सातव्या वर्षीच शिकलो असतो."

आता थोडं कामाचं. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा आणि नऊच्या आत घरी या. आदल्या रात्री चाकं दाबून बघा, सकाळी हवेचं दुकान उघडलेलं नसतं. सलवारच्या उजव्या पायाला केसांची जाड क्लिप लावा, नाहीतर चेन खाते. ओढणी घरीच ठेवा. हेल्मेट चौघांनाही, लाज सोडून. आणि एक गोष्ट, जी पुरुष कधी सांगत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते सकाळी उघडं असतं का, हे आधी पाहून ठेवा. आमच्या फेऱ्यांचा नकाशा खरं तर त्यावरच बेतलेला आहे. स्टेशनं त्यासाठी बरी.

आणि मोठ्या रस्त्याला जाऊ नका. हे मी शिकले ते असं.

एप्रिलच्या एका रविवारी ह्यांना हुरूप आला. आतल्या गल्ल्यांतून किती दिवस जायचं, पाम बीचवरून सरळ वाशी गाठू म्हणाले. मला नको होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच रस्त्यावर नेरुळजवळ पहाटे टॅक्सीच्या धडकेनं एका अनुभवी सायकलस्वाराचा जीव गेला होता, ती बातमी माझ्या डोक्यात होती. पण इतक्या दिवसांनी माणूस स्वतःहून काही मागतोय, नाही कसं म्हणायचं? मुलांना घरी ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो. सानपाड्याच्या अलीकडे एक गाडी इतक्या जवळून गेली की तिचा आरसा ह्यांच्या हँडलला घासला. हे उजव्या हातावर पडले. गाडी थांबली नाही. मागून दुसरं काही येत नव्हतं, म्हणून आज हे लिहिते आहे.

मनगटाला प्लास्टर, चार आठवडे. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी फक्त चारही सायकलींच्या कुलपांच्या किल्ल्या गोळा केल्या आणि आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. रात्री भांडी आवरताना मला वाटायचं, मीच शिकवलं, मीच सीट सोडली. सासऱ्यांच्या मागे त्यांनी या एका मुलावर दिवस काढले आहेत. तुम्ही माझ्या जागी असतात तर किल्ल्या मागितल्या असत्यात का? मी नाही मागितल्या.

माझ्या माहेरी अजून एक जुनं पुस्तक आहे, त्यात पेकिंगचा फोटो आहे. हजारो माणसं सायकलवरून कामाला निघालेली, बाया, बाप्ये, मागे पोरं बसवलेली, आणि सगळा रस्ताच त्यांचा. पुणंही एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझी आत्या तिथे नऊवारीत नाही तरी पाचवारीत सायकल चालवायची. आमचं शहर नव्यानं, कोऱ्या कागदावर आखलं. एवढे रुंद रस्ते सोडले, त्यात सायकलीपुरती सलग, सुरक्षित कडा सोडायला काय हरकत होती? तुकडे आहेत, पण तुकड्यांवरून बाजाराला जाता येत नाही.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. आकडा ७.२. डॉक्टर म्हणाले गोळ्या आहेत, पथ्य आहे, व्यायामही आहे. श्रेय कुणाला किती ते काही त्यांनी वाटून दिलं नाही. ह्यांनी तो कागद टीव्हीजवळ ठेवला. दोन दिवस तो तिथेच होता, तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या उशाखाली सापडला.

शनिवारी रात्री त्या मला म्हणाल्या, "कुठून कुठून जाता तुम्ही, ते मला बघायचंय."

म्हटलं, "आई, तुम्ही कशा येणार?"

"रिक्षा नाही का मिळत?"

रविवारी पहाटे ट्रंक उघडली. आम्ही चौघं सायकलवर आणि मागे सासूबाईंची रिक्षा, आतल्या रस्त्यांनी, सायकलीच्या वेगानं. रिक्षावाल्यानं मीटर बघून दोनदा कपाळाला हात लावला. जेट्टीवर पोचल्यावर त्यांनी आधी होड्या पाहिल्या, मग मावशींना शोधून काढलं आणि चिंबोऱ्यांचा भाव पाडायला बसल्या. मी मध्ये बोलायला गेले तर म्हणाल्या, "तू सायकल सांभाळ."

परतताना त्या रिक्षातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, एका हातात चिंबोऱ्यांची पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला. आणि सबंध सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "डावीकडून चालव रे! समोर बघ, चाकाकडे नको!"