तिसरा क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चढाई ज्याच्या हातून आकार घेते, तो क्वार्टरबॅक. २०१४ च्या हंगामात ओहायो स्टेट विद्यापीठाने असे दोन गमावले.

ऑगस्टमध्ये सरावातच ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा पुन्हा दुखावला. जागी आला नवखा जे. टी. बॅरेट. दुसऱ्याच सामन्यात, तोही घरच्या मैदानावर, व्हर्जिनिया टेकने संघाला ३५-२१ असे हरवले. त्यानंतर मात्र संघ हरला नाही. २९ नोव्हेंबरला, जुना वैरी मिशिगनविरुद्ध, बॅरेटचा घोटा मोडला. उरला कार्डेल जोन्स. महाविद्यालयीन सामन्याची सुरुवात त्याने एकदाही केली नव्हती.

त्याच वर्षी प्रथमच चार संघांची बाद फेरी होणार होती आणि ते चार निवड समिती ठरवणार होती. दोन क्वार्टरबॅक गमावलेल्या संघावर तिने विश्वास का ठेवावा? आठवड्याभरात विस्कॉन्सिनविरुद्ध उत्तर मिळाले: ५९-०. चौथे, म्हणजे शेवटचे स्थान पदरात पडले. मग अलाबामा ४२-३५ आणि १२ जानेवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात ओरेगॉन ४२-२०.

दंतकथा जोन्सची झाली, ते स्वाभाविकच. पण अंतिम सामन्यात २४६ यार्ड धावला तो इझिकिएल इलियट. आणि संघाला या दारापर्यंत आणणाऱ्या, हंगामात ४५ टचडाउन नावावर असलेल्या बॅरेटला शेवटचे तिन्ही सामने खेळताच आले नाहीत.