पेंग

परवा अंबाजोगाईच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली शेजारून गेली आणि वाढ्यांचा ओला, गोडसर वास आला. मी पुन्हा आठ वर्षांची झाले, बैलगाडीत मोळ्यांवर पेंगणारी. मायच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलेलं. ‘झोप गं, मी जागी हाय.’

दिवाळी झाली की ऊसतोडीला आमचा कोयता निघायचा. पहाटे तीनला फड, तेव्हा माझ्या पेंगण्याला कारण होतं. पुढे वसतिगृहात रात्रभर झोपूनही गणिताच्या तासाला अक्षरं वहीवरून घसरत जायची. सर उभं करायचे, उभ्यानेही डोळा लागायचा. ‘फडावरची पोरं अशीच,’ ते म्हणाले. मला बोलले ते मी विसरले असते; ते मायला बोलले. मी अजून माफ केलेलं नाही.

रक्त तपासून झालं, थायरॉईड झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. चौतिसाव्या वर्षी पुण्यात एका डॉक्टरांनी विचारलं, ‘हसताना गुडघे ढिले पडतात का?’ मी रडायला लागले. कॉलेजपासून मी चौकट धरून हसत आले होते, आणि हे कुणाला सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

रात्रभर डोक्याला तारा लावून झोपले. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी, अशा पाच. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यातल्या दोन डुलक्यांत लगेच स्वप्नाची झोप आली, तर निदान पक्कं होत जातं. माझी सरासरी तीन मिनिटं. नार्कोलेप्सी. हे नाव फ्रान्सच्या जेलिनो यांनी 1880 मध्येच दिलं होतं. पण जागेपण धरून ठेवणारं मेंदूतलं हायपोक्रेटिन सापडलं 1998 मध्ये. मी मोळ्यांवर पेंगत होते तेव्हा त्याला नावही नव्हतं.

निदान घेऊन परतताना मला का कोण जाणे, संतकवी दासोपंतांची पासोडी आठवत राहिली. आमच्या अंबाजोगाईचीच ती. पांघरायचं कापड, सुमारे 40 फूट लांब, आणि त्यावर ओळीमागून ओळी लिहिलेला त्यांचा ‘पंचीकरण’ हा ग्रंथ. पांघरुणावर किती जागला असेल तो माणूस!

आता सकाळी गोळी घेते, दुपारी ठरवून वीस मिनिटं झोपते. मायची झोप मात्र कुणी मोजली नाही. फड सुटून वर्षं झाली, तरी ती पहाटे तीनला उठून ओसरीवर बसते. परवा मीही जाऊन शेजारी बसले. तिच्या खांद्यावर माझा डोळा कधी लागला कळलं नाही. उजाडता जाग आली, तर तिचीही मान माझ्या डोक्यावर टेकलेली होती. मी हलले नाही.