चाकोरीबाहेर

मराठी समीक्षेत ‘चाकोरीबाहेरचे’ हे विशेषण आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की, चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकाने मातीत पाडलेली खोल रेघ, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आम्हांला त्याची आठवण झाली ती एका व्हिडिओ गेममुळे. ‘मोटरस्टॉर्म’ हे त्याचे नाव. इंग्लंडातील रनकॉर्नच्या इव्होल्युशन स्टुडिओजने तो प्लेस्टेशन ३ या घरगुती यंत्रासाठी तयार केला. २००६ च्या डिसेंबरात तो जपानात आला, पुढल्या वर्षी इतरत्र. स्टुडिओ २०१६ साली बंद पडला. यंत्रही आता जुन्यात जमा झाले.

साहित्य शिकवणाऱ्यांनी असल्या गोष्टींत वेळ दवडावा काय, असे विचारणाऱ्यांस रॉजे कैय्वा यांचे १९५८ चे विवेचन दाखवता येईल. त्यांनी खेळाची चार अंगे मानली: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. पैकी स्पर्धा आणि भोवळ यांचे जमायचे नाही, असे त्यांचे मत. कारण स्पर्धेला भान लागते आणि भोवळ तेच घालवते. हे मत तेवढे त्यांनी हा खेळ खेळून पुन्हा तपासायला हवे होते, असे आम्हांला वाटते. असो.

खेळाची जागा म्हणजे अमेरिकेतील मॉन्युमेंट व्हॅली. तांबड्या खडकांची ही दरी जॉन फोर्डच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून चित्रपटांनी जगाच्या डोळ्यांत भरवलेली आहे. येथे डांबरी रस्ता नाही. मोटारसायकलपासून अवजड ट्रकपर्यंत सात जातींची वाहने एकाच वेळी सुटतात आणि ज्याचे वाहन जसे, त्याची वाट तशी: हलक्याने कड्यावरच्या अरुंद पट्टीवरून जावे, जडाने खालचा चिखल तुडवावा. पण या खेळाचा खरा नायक चिखलच आहे. पहिल्या फेरीत तो सपाट असतो. मग प्रत्येक चाक आपली रेघ त्यात ठेवून जाते आणि त्या रेघा पुसल्या जात नाहीत. तिसऱ्या फेरीत आपण परततो तेव्हा सगळ्यांनी मिळून उखणलेली जमीन समोर येते. इतर शर्यतींच्या खेळांत भूमी हा रंगवलेला पडदा असतो. येथे तिला स्मरणशक्ती आहे. पुढच्या भागांत ज्वालामुखी आले, शहरे आली, देखावा वाढला. आमच्या मते पहिल्या भागातील चिखलाची बरोबरी त्यांना साधली नाही.

आम्ही हा खेळ शिकलो तो कर्जतला, २००८ च्या पावसाळ्यात, खालापूर तालुक्यात चौककडे घर असलेल्या भाच्याकडून. तो अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आला आणि ते यंत्रही बरोबर घेऊन आला. भारनियमनाचे दिवस होते. ऐन शर्यतीत पडदा काळा होई. (याच पट्ट्यातील खोपोलीहून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, हे आम्ही त्याला अशा वेळी काळोखात सांगत असू. त्याला त्यात काडीचा रस नसे.) आमची गाडी वारंवार फसते, हे पाहून एकदा तो म्हणाला, “मामा, दुसऱ्याच्या चाकोरीत घालू नका गाडी, रुतेल.” त्याने तो शब्द त्याच्या मूळ जागी वापरला होता. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे ज्याचे लक्षणार्थ सांगत आलो, तो शब्द या मुलाच्या तोंडी अजून वाच्यार्थाने ओला होता.

त्याचे कारण खिडकीबाहेरच होते. कर्जत हा भाताचा तालुका. येथील कृषी संशोधन केंद्राचा ‘कर्जत-३’ हा वाण कोकणातले शेतकरी नावाने ओळखतात. लावणीपूर्वी चिखलणी होते: पाणी भरलेल्या खाचरात नांगर फिरवून मातीची घडण मुद्दाम मोडायची, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही. येथील माणसाला चिखल म्हणजे सहा महिन्यांची बेगमी. तो तुडवण्यात भोवळ नाही, कंबर मोडते. आता शनिवार-रविवारी शहरांतून माणसे येतात आणि फार्महाऊसच्या आवारात चार जाड चाकांच्या गाड्या भाड्याने घेऊन चिखल उडवतात. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही तेच पडद्यावर करत होतो. रस्ता सोडण्यात एक आनंद आहेच. मात्र तो सोडायला आधी असावा लागतो.

चौकहून इर्शाळगडाचा सुळका आणि त्याचे नेढे दिसते. त्याच तालुक्यातून २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहा पदरांनी जातो. गडाच्या उतारावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. तिला गाडीरस्ता नव्हता; पायथ्यापासून तासाभराची चढण, निसरडी पायवाट. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून वाडी गाडली गेली. हवा अशी की हेलिकॉप्टर उडू शकले नाही आणि खोदाईची अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीला गेलेली माणसे पावसात चालत चढली. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. कुदळ-फावड्यांनी चार दिवस उकरल्यावर २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ती तेथेच आहेत.

भाच्याचा त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. खालून पाणी आणि जेवणाची पाकिटे वर पोहोचवणाऱ्यांत तो होता. त्याने चिखलाविषयी एवढेच सांगितले, की गुडघ्यापर्यंत पाय जायचा आणि मागचा माणूस त्याच खड्ड्यात पाय ठेवायचा, कारण दुसरीकडे कुठे ठेवावा हे कळत नव्हते.

मालिकेतील ‘अपोकॅलिप्स’ या भागात भूकंपाने कोसळत्या शहरातून शर्यत होते. २०११ च्या मार्चमध्ये तो बाजारात यायचा होता. ११ मार्चला जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली. तेथील विक्री पुढे ढकलण्यात आली आणि अखेर तो जपानात आलाच नाही. हा निर्णय आम्हांला योग्य वाटतो, पण तो सोपाही होता: कोसळणारे शहर निदान ओळखता येते. पहिल्या भागात ओळखण्यासारखे काहीच कोसळत नाही. तेथे नुसती मोकळी, बेवारस वाटणारी जमीन आहे, आणि नवी शर्यत सुरू केली की तिच्यावरच्या सगळ्या रेघा नाहीशा होतात.

२०२३ नंतर आम्ही तो पुन्हा लावला. खेळ तितकाच उत्तम आहे, हे नोंदवणे भाग आहे. फक्त आता मध्येच गाडी एखाद्या उंच खडकावर नेऊन थांबवावीशी वाटते. बाकीची वाहने खालून निघून जातात आणि आम्ही त्या दरीत कुठे घर दिसते का, ते पाहतो. शर्यतीच्या जत्रेला जमलेल्यांचे तंबू दिसतात. मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो लोकांची भूमी. त्यांची कुटुंबे आजही तेथे राहतात. खेळात त्यांचे एकही घर काढलेले नाही.