बंद दारांचे शहर

परगावी जाणाऱ्याने काय पाहावे, हे मार्गदर्शक पुस्तके मोठ्या हौसेने सांगतात. केव्हा पाहता येणार नाही, हे मात्र ती कोपऱ्यात बारीक टाइपात छापतात. केंब्रिजला जाणाऱ्याने तो बारीक टाइपच आधी वाचावा, असे माझे मत आहे. हे शहर म्हणजे प्रेक्षणीय इमारतींचा संग्रह नव्हे. तो एकतीस कॉलेजांचा नांदता संसार आहे, आणि नांदत्या घरात पाहुण्याला हवे तेव्हा हव्या त्या खोलीत शिरता येत नाही.

तेथे पोचणे मात्र फारच सोपे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून सुटणारी जलद गाडी पाऊण-एक तासात नेऊन सोडते. लिव्हरपूल स्ट्रीटहून निघाल्यास वेळ थोडा अधिक लागतो. उतरायचे ते 'केंब्रिज' या स्टेशनावर. २०१७ साली उघडलेले 'केंब्रिज नॉर्थ' निराळे. स्टेशनापासून जुने गाव सुमारे सवा मैल दूर आहे. बस मिळते, आणि तिचे भाडे बँकेच्या कार्डाने देता येते; पण सामान हलके असेल तर पायीच जावे. एवढेच ध्यानात ठेवावे, की सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर रेंगाळणे तेथे आपल्या हिताचे नसते.

आता दारांविषयी. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम. त्या काळात बरीच कॉलेजे बाहेरच्यांना बंद असतात. एरवीही कोठे शुल्क पडते, कोठे पडत नाही. फाटकाजवळच्या पोर्टरला विचारावे, तो नीट सांगतो. हिरवळीवर पाऊल टाकण्याचा मान बहुधा तेथील फेलो मंडळींचा. किंग्ज कॉलेजचे चॅपेल १४४६ साली सुरू होऊन १५१५ साली पुरे झाले. त्याचे दगडी छत पंखे उलगडून ठेवावेत तसे दिसते. दिवसा तेथे तिकीट लागते. परंतु सत्र चालू असताना सायंप्रार्थनेला बसायला काही पडत नाही. त्यासाठी लवकर जाऊन रांगेत उभे राहावे, आणि आपण गाण्याच्या बैठकीला नव्हे, उपासनेला आलो आहोत याचे भान ठेवावे. फिट्झविल्यम संग्रहालय विनाशुल्क आहे, पण सोमवारी जाऊ नये. ग्रेट सेंट मेरीज या चर्चच्या मनोऱ्याला १२३ पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा सल्ला घेऊन चढाव्या.

अशाच एका बंद फाटकापाशी माझ्याबरोबरचे गृहस्थ उसळून म्हणाले होते, "दीडशे वर्षे हे लोक आमच्या घरात न विचारता वावरले, आणि आज आम्हालाच दारात उभे करतात!" वाक्य टाळी घेणारे होते खरे. पण परीक्षेच्या दिवसांतले मुलांचे ओढलेले चेहरे पाहण्यात माझा जन्म गेला आहे. त्या भिंतीपलीकडे अभ्यासाला बसलेल्या पोरीच्या खिडकीखालून छायाचित्रे काढणारे आमचे जथे जावेत, हे मला रुचेना.

मग राग कोठे यावा? त्यासाठी मनोऱ्यासमोरच्या सेनेट हाऊसच्या कठड्यापाशी क्षणभर थांबावे. गणिताच्या ट्रायपॉसचे निकाल येथे वाचले जात. १८९० साली फिलिपा फॉसेट या न्यूनॅम कॉलेजच्या मुलीचे स्थान 'सीनियर रँग्लरच्याही वर' म्हणून जाहीर झाले. पदवी मात्र तिला मिळाली नाही, कारण ती स्त्री होती. पुढे नऊ वर्षांनी, १८९९ साली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्स कॉलेजातून त्या पहिल्या स्थानाचे वाटेकरी झाले. आमच्या घरी आजोबा 'रँग्लर' हा शब्द पदवीसारखा नव्हे, गोत्रासारखा उच्चारीत. पण त्या अभिमानाच्या कथेत फॉसेटबाईंचे नाव कधी आले नाही. जित देशाच्या मुलाला जे दार उघडले, ते जेत्यांच्या लेकींना पुरते उघडायला १९४८ साल उजाडावे लागले. शांततेसाठी लावलेले दार निराळे आणि माणूस पाहून लावलेले दार निराळे. पाहुण्याने रागावण्यापूर्वी हा भेद अवश्य करावा.

शेवटी एक सूचना. सायंकाळच्या गाडीने लंडनला परतण्याची घाई करू नये; एक रात्र राहावे. सुट्टीच्या दिवसांत कित्येक कॉलेजे विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. खोली साधी असते. पण दिवसभराची गर्दी ओसरल्यावर, कॅम नदीवरच्या होड्या काठाला लागल्यावर, पोर्टर आपल्या हाती किल्ली देतो. सकाळी ज्या दाराबाहेर आपण उभे होतो, त्याच दाराने मग आत जाता येते. मात्र पाऊल हलके टाकावे, शेजारच्या खोलीत कोणी वाचत बसलेले असेल.