‘मला कुठे काय येतंय?’ म्हणणारीसाठी पेठेतली एक सकाळ

लक्ष्मी रोड म्हटलं की काय आठवतं? साड्या, सोनं, लग्नाचा बस्ता आणि पार्किंगसाठी घातलेल्या घिरट्या! पण शनिवारी सकाळी सातला, शटर्स खाली असताना, हाच भाग एकदा पायी फिरून बघा. मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. त्यातही प्रमोशनचं पत्र हातात पडल्यावर जिला आनंदाच्या आधी घाम फुटतो, तिच्यासाठी.

ओळखीचं वाटतंय ना? प्रेझेंटेशन झकास होतं, बॉस ‘गुड जॉब’ म्हणतो आणि आतून एक बारीक आवाज येतो, ‘आज वाचलो, पण एक ना एक दिवस पकडले जाणार!’ याचं लाडकं नाव इम्पोस्टर सिंड्रोम. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांनी 1978 मध्ये त्यावर पहिला निबंध लिहिला. दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांशी त्यांचा संबंध आला होता. पदव्या होत्या, पदं होती, मान होता, तरी आपण इथे चुकून आलोय असं या बायकांना वाटायचं. गंमत म्हणजे निबंधात ‘सिंड्रोम’ हा शब्दच नाही, ‘फिनॉमेनन’ आहे. आजाराचं लेबल नंतर चिकटलं.

माझी एक मैत्रीण सध्या हे लेबल कपाळावर घेऊन फिरत होती. मूळची बार्शीची, मराठी मीडियमची, आता एका आयटी कंपनीत. नऊ जणांच्या टीमची लीड होशील का, अशी विचारणा झालेली आणि उत्तर सोमवारी द्यायचं. ‘कोडिंग ठीक आहे गं, पण क्लायंटसमोर इंग्रजीत माझी ततपप होते. त्यांना कळेल ना, मला काही येत नाही ते!’ हे तिचं पालुपद. फोनवर समजूत घालून मी थकले आणि म्हटलं, चल, सकाळी मंडई मेट्रो स्टेशनला भेट. बूट घालून ये.

मंडईतून पाच-सात मिनिटांत दगडूशेठ गणपती. सगळे तिथे देवळाकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही जरा पाठ फिरवा (बाप्पा रागवायचा नाही). समोरच्या बाजूला भिडे वाडा होता. 1848 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा अगदी मोडकळीला आला होता. 2023 च्या डिसेंबरमध्ये, कोर्टाचा निकाल लागल्यावर तो पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी.

सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी घरी शिकल्या, मग रीतसर शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि थेट वर्गात उभ्या राहिल्या. रस्त्यात लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवायच्या. ही गोष्ट आपण शाळेत इतक्यांदा ऐकलीय की ती आता ऐकूच येत नाही. पण नीट बघा. लोक थांबतील, मग मी शिकवीन, असं त्या म्हणाल्या नाहीत. मनातून भीती गेली होती का, देव जाणे. त्यांनी पिशवीत साडी घातली. शाळेत पोचल्यावर स्वच्छ साडी नेसायची आणि शिकवायला लागायचं!

‘म्हणजे बॅकअप ठेवायचा,’ मैत्रीण म्हणाली. आयटीवाल्यांना सगळीकडे आयटीच दिसतं.

पण तिला मी एक फरक सांगितला. सावित्रीबाईंना ‘तू इथली नाहीस’ हे रस्त्यावर ओरडून सांगितलं जायचं. आपल्याला ते हळू आवाजात सांगतात. ‘डायव्हर्सिटीचा आकडा भरायचाय ना, घ्या तिला.’ मीटिंगमध्ये आपला मुद्दा शेजारच्याने पाच मिनिटांनी मांडला की तो ‘ब्रिलियंट’ ठरतो. मग आतला तो बारीक आवाज नेमका कोणाचा? 2021 मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन बुरी या दोघींनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलं होतं की बायकांना इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगणं थांबवा, त्यांच्या कामाच्या जागा दुरुस्त करा. मला तर ते शंभर टक्के पटतं. अर्थात, जागा दुरुस्त होईपर्यंत सोमवारी काय करायचं हा प्रश्न उरतोच!

तिथून बाजीराव रोडवर या. विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग कोवळ्या उन्हात काय सुंदर दिसतो म्हणून सांगू! दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. 1821 मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. मुली सोडाच, बहुतेक जातींच्या मुलांनाही तिथे प्रवेश नव्हता. आणि 1852 मध्ये याच वाड्यात सरकारने जोतीरावांना शाल देऊन त्यांच्या शाळांचं कौतुक केलं. वाडा लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

आता लक्ष्मी रोड. इथली हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा. त्या जागेवर 1884 मध्ये मुलींचं हायस्कूल उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं पाठीशी होती, तरी टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून अभ्यासक्रमावर सडकून टीका झाली. मुलींना एवढं इंग्रजी कशाला, दिवसभर शाळेत कशाला, वगैरे.

याच रस्त्यावर सेवासदन. पुण्यात ते 1909 मध्ये सुरू केलं रमाबाई रानड्यांनी. माझी खरी हिरॉइन ही! 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या आणि पाटी कोरी. महादेवराव रोज शिकवायला बसायचे आणि घरातल्या बायका टोमणे मारायच्या. पुढे नाशिकच्या हायस्कूलमध्ये पहिलं जाहीर भाषण करायची वेळ आली. ते भाषण लिहून कोणी दिलं? नवऱ्याने! आजच्या भाषेत, घोस्ट रायटिंग. आपण असतो तर ‘मी फ्रॉड आहे’ म्हणून रात्रभर तळमळलो असतो. रमाबाईंनी भाषण केलं आणि मग पुढची भाषणं स्वतः करायला शिकल्या, मराठीत आणि इंग्रजीतही. 1904 मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्ष त्याच होत्या.

मैत्रीण सेवासदनासमोर बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, ‘मदत घेतली म्हणजे येत नाही असं नसतं ना?’

मग नारायण पेठेत बेडेकरांच्या मिसळीच्या रांगेत उभ्या असतानाच तिने मोबाइलवर मॅनेजरला मेल टाइप केला. सोमवारची वाटच बघितली नाही. मी डोकावले (मैत्रीण कशाला म्हणतात?). चार ओळी होत्या. लीडचं काम घेते. पहिले तीन महिने क्लायंट कॉलवर एक सीनियर सोबत हवा. आणि पगाराचं बोलायचंय! त्या शेवटच्या ओळीवर माझ्याकडून एक एक्स्ट्रा पाव.

पाय दुखत नसतील तर अजून एक ठिकाण आहे, पण तिथे रिक्षानेच जा. येरवड्याचं डेक्कन कॉलेज. विश्रामबागवाड्यातली ती पाठशाळा पुढे वाढत, बदलत इथे आली. दगडी इमारती, मोठमोठी झाडं. मुलींना जिथे दार नव्हतं त्या संस्थेच्या या वारसदारात 1939 मध्ये इरावती कर्वे शिकवायला आल्या आणि समाजशास्त्र व मानववंशशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. शाळा कुठली? हुजूरपागा!

त्याआधी 1928 मध्ये त्या पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या होत्या. गाइड होते ऑयगेन फिशर, वंशवादी विचारांचं मोठं प्रस्थ. कवटीच्या असमान ठेवणीवरून युरोपियन वंश वरचढ ठरतो, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पंचविशीतली एकटी मुलगी! फिशरसाहेबांनी जेमतेम पास होण्याइतके गुण दिले. त्या अप्रेझलमुळे कवट्यांची मापं काही बदलली नाहीत, आणि डिग्री घेऊन बाई 1930 मध्ये परत आल्या. पुढे ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1968 मध्ये. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचंच नाव सांगतात.

जाताना टोपी आणि पाण्याची बाटली ठेवा, येरवड्याला दुपारचं ऊन कडक असतं. आणि लक्ष्मी रोडवर दहाच्या आत फिरून घ्या. नंतर शटर्स वर जातात आणि चांगलं डिझाइन दिसलं की इतिहास गेला उडत!